पंप लावायचा आहेच, कुठे लावायचा ते तू सांग

टाइप १ मधुमेह असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला इन्सुलिन पंप लावायचं ठरलं, की घरातली मोठी माणसं आधी यंत्राच्या मागे लागतात. बटणं, मेनू, अलार्म, नळीतला हवेचा बुडबुडा कसा काढायचा, सगळं शिकून घेतात. हळूहळू हात बसतो. पण ज्याच्या अंगावर ते यंत्र रात्रंदिवस राहणार आहे, त्या मुलाला मात्र कुणी काही शिकवत नाही. त्याने ते निमूट सोसावं एवढीच अपेक्षा असते. मग सेट, म्हणजे पंपातून त्वचेखाली इन्सुलिन नेणारी नळी, बदलायचा दिवस आला की रडारड सुरू होते. मूल पलंगाखाली जाऊन बसतं, आई लाडीगोडी लावते, बाबा ओढून बाहेर काढतात, आणि सगळं उरकल्यावर तिघंही थकून गप्प होतात.

हे टाळता येतं. पूर्णपणे नाही, पण बरंचसं. त्यासाठी घरातल्या मोठ्यांनी एक रेघ आधीच आखून घ्यावी लागते. पंप लावायचा की नाही, हा प्रश्न मुलाला विचारायचा नाही. तो कुठे लावायचा, कुणाच्या मांडीवर बसून, कोणत्या रंगाच्या पट्ट्यात घालायचा, हे प्रश्न मात्र त्याचेच, आणि तिथे त्याचा शब्द खरोखर चालला पाहिजे. ही रेघ नेमकी इथेच का, हे कळायला आधी यंत्र थोडं समजून घेऊ.

पंपाचं काम

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरच उलटते आणि त्यांना नष्ट करते. इन्सुलिन याच पेशी बनवतात. गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही, आईवडिलांच्या कुठल्याही चुकीमुळे होत नाही. एकदा झाला की इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं. एक मार्ग इंजेक्शनांचा: दिवसभर पुरणारं एक, आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारं एक. दुसरा मार्ग पंपाचा.

पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन भरतात. त्यातून एक बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला कॅन्युला असते, म्हणजे त्वचेखाली राहणारी सहा ते नऊ मिलिमीटरची मऊ नळी. ती सुईच्या आधाराने आत जाते, सुई लगेच बाहेर काढतात, नळी आत राहते आणि वर चिकटपट्टी बसते. काही सेटमध्ये मऊ नळीऐवजी अगदी बारीक स्टीलची सुईच आत राहते. पॅच पंपाला बाहेरची नळी नसते. तो अख्खाच्या अख्खा अंगाला चिकटतो. प्रकार कुठलाही असला तरी दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी लागते.

पंप दोन प्रकारे इन्सुलिन देतो. दिवसरात्र अगदी थोडं थोडं जात राहतं, त्याला बेसल म्हणतात. जेवणासाठी किंवा वाढलेली शुगर उतरवण्यासाठी एकदम दिलं जातं, तो बोलस. लहान मुलांना याचा फायदा का होतो, ते आकड्यांतून लगेच कळतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण दहा युनिटच्या आसपास इन्सुलिन लागतं. नेहमीच्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात. म्हणजे या मुलाचं अख्ख्या दिवसाचं औषध एका मिलिलिटरचा दहावा भाग. लहान मुलांसाठीच्या इन्सुलिन पेनने (पेनासारख्या इंजेक्शनने) अर्ध्या युनिटपेक्षा बारीक मात्रा देता येत नाही, पंप ०.०५ युनिट, काही पंप तर ०.०२५ युनिट इतकं बारीक मोजून देतात. एवढ्याशा शरीरात अर्धं युनिट कमीजास्त झालं तरी शुगर कुठल्या कुठे जाते.

दुसरा फायदा जेवणाचा, आणि लहान मूल असलेल्या कुठल्याही घराला तो लगेच पटेल. बोलस जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी द्यावा असं सांगतात. पण तीन वर्षांचं मूल ताटातलं सगळं संपवेल, की चार घास खाऊन पळेल, हे आधी कोण सांगणार? इंजेक्शन एकदा दिलं की ते परत घेता येत नाही. पंप असला तर थोडा बोलस आधी आणि उरलेला मुलाने खरोखर किती खाल्लं ते पाहून देता येतो, तोही पुन्हा न टोचता. मग ‘इंजेक्शन दिलंय ना, आता संपवच’ ही ताटावरची भांडणं कमी होतात. मला तर पंपाचा सगळ्यात मोठा उपकार हाच वाटतो.

आता बरेच पंप त्वचेवरच्या ग्लुकोज सेन्सरशी जोडलेले असतात. सेन्सर दर काही मिनिटांनी आकडा पाठवतो आणि पंप त्याप्रमाणे इन्सुलिन आपोआप कमीजास्त करतो. १ ते ७ वर्षांच्या ७४ मुलांवर झालेल्या आणि २०२२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात या पद्धतीमुळे मुलांची शुगर ७० ते १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात राहण्याचा वेळ रोज सुमारे दोन तासांनी वाढला. रात्री दर दोन तासांनी उठून बोट टोचणाऱ्या आईबाबांना हे दोन तास म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. तरी जेवणाचा बोलस अजून माणसालाच द्यावा लागतो आणि सेट माणसालाच बदलावा लागतो.

आता दुसरी बाजू. इंजेक्शनवर असलेल्या मुलाच्या त्वचेखाली दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो. पंपावरच्या मुलाकडे तो नसतो. नळी निघाली, कॅन्युला वाकली, पंप बंद पडला, तर काही तासांतच शरीरात इन्सुलिन उरत नाही, शुगर चढत जाते आणि रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळताना निघणारी आम्लं, तयार होऊ लागतात. दुर्लक्ष झालं तर यातून कीटोअॅसिडोसिस होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. म्हणून ‘आज राहू दे, उद्या लावू’ ही सवलत मुलाला देता येत नाही. आंघोळीपुरता किंवा दंगामस्तीपुरता पंप काढून ठेवला तर चालतं, तोही साधारण तासाभराच्या आत परत जोडायचा.

मुलाला काय वाटत असेल?

मोठ्यांना हिशोब सरळ दिसतो. रोजच्या चार-पाच टोचण्या गेल्या, दोन-तीन दिवसांतून एक राहिली. मग मूल खूश का नाही? कारण मुलाचा हिशोब वेगळा असतो. इंजेक्शन दुखायचं, पण संपायचं. ते संपलं की तो पुन्हा पहिल्यासारखा खेळायला मोकळा. पंप संपत नाही. तो झोपताना असतो, घसरगुंडीवर असतो, चड्डी काढताना मध्ये येतो. शिवाय पंपाचा सेट आत जाताना खटकन आवाज होतो, आणि हा आवाज पुष्कळ मुलांना टोचण्यापेक्षा जास्त घाबरवतो.

दीड-दोन वर्षांच्या बाळाला समजावून सांगण्यासारखं फार काही नसतं. त्याला भीती वाटते ती धरून ठेवण्याची, आडवं पाडून दाबण्याची. तिथे शब्दांपेक्षा तुमचे हात कसे धरतात ते महत्त्वाचं.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं निराळं असतं. या वयात मुलं घटनांना आपापली कारणं जोडतात, आणि वाईट काही घडलं की बहुतेक वेळा ते कारण स्वतःच असतात. मी ताईला मारलं म्हणून मला हे लावलं. मी औषध थुंकलं म्हणून. मूल हे बोलून दाखवेलच असं नाही. म्हणून न विचारताही सांगून ठेवावं, आणि एकदा सांगून भागत नाही: ‘तू काही केलंस म्हणून हे झालं नाही. तुझ्या पोटात इन्सुलिन नावाचं औषध तयार व्हायचं, आता होत नाही. म्हणून हे यंत्र ते देतं.’ एवढं पुरे. याच वयात शरीराविषयी अजब शंका असतात. भोक पडलं तर सगळं रक्त बाहेर येईल का? नळी आत आत जाऊन हरवेल का? पंप झोपला तर मी मरेन का? हसू आलं तरी हसू नये. प्रत्येक शंकेला खरं, छोटं उत्तर द्यावं.

आणि हेही याच कारणासाठी: ‘मस्ती केलीस तर सेट बदलेन’, ‘ऐकलं नाहीस तर डॉक्टर टोचतील’ ही वाक्यं घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना, पाहुण्यांना स्पष्ट सांगा. ज्या मुलाला सुईच शिक्षा म्हणून दाखवली, त्याला तीच सुई औषध म्हणून पटवणं फार कठीण जातं.

‘हे कधी काढायचं?’ हा प्रश्न येतोच, आणि बहुतेक घरांत तो टाळला जातो. ‘बरं वाटलं की काढू’ असं सांगितलं, तर मूल रोज सकाळी तेच विचारणार आणि एक दिवस तुमच्यावरचा विश्वास जाणार. ‘इन्सुलिन तुला रोज लागणार. आंघोळीला काढू, मग परत लावू’ हे खरं उत्तर. ते ऐकून मूल रडलं, तर रडू द्यावं. त्याला राग यायचा हक्क आहे.

आधीची तयारी

पंप येण्याच्या किती दिवस आधी सांगायचं, हे वयावर ठरतं. पाच वर्षांच्या मुलाला काही दिवस मिळाले तर ते मनात घोळवून प्रश्न विचारतं. दोन वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगणं म्हणजे नुसतं रात्रभर घाबरवणं. त्याला थोडाच वेळ आधी सांगितलेलं बरं.

रिकामा पाऊच आधीच कमरेला बांधून पाहावा. त्यात पंपाएवढं काहीतरी घालून मूल दिवसभर खेळलं, झोपलं, की कुठे टोचतंय, कुठे सरकतंय ते मोठ्यांनाही कळतं. काही दवाखान्यांत खरा पंप औषधाविना लावून पाहण्याची सोय असते, विचारून बघा. बाहुलीला किंवा अस्वलाला जुना सेट लावणं हा खेळ मुलांना भारी आवडतो, आणि त्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: सेट लावणारे हात मुलाचे असावेत. सुई काढून टाकलेला सेट, चिकटपट्टी, कापूस द्या आणि बाजूला बसून नुसतं बघा. अस्वलाला मूल काय सांगतं, त्यावरून त्याच्या मनातली भीती नेमकी कशाची आहे ते कळतं. ‘रडायचं नाही, नाहीतर आई चिडेल’ असं अस्वलाला सांगितलं गेलं, तर ते आपल्याचसाठी आहे असं समजावं.

मोठ्या भावंडांना या खेळात जरूर घ्या. घरात एकाच मुलाभोवती सगळे गोळा होतात, तेव्हा दुसरं मूल बाजूला पडतं, आणि ते बोलत नाही.

एक गंमत मुलांना सांगण्यासारखी आहे. १९६३ साली अमेरिकेत आर्नोल्ड कॅडिश नावाच्या डॉक्टरांनी जो इन्सुलिन पंप बनवला, तो एवढा मोठा होता की पाठीवर बांधून हिंडावं लागे. आज तो मुलाच्या मुठीत येतो. हे ऐकल्यावर काही मुलं आपला पंप लगेच हातात घेऊन मोजायला लागतात.

सेट बदलण्याची दहा मिनिटं

मुलाचं पंपाशी जमणार की नाही, ते इथे ठरतं. दर दोन-तीन दिवसांनी येणारी ही वेळ नीट गेली तर मधले दिवस आपोआप बरे जातात.

वेळ निवडताना झोपेच्या आधीची टाळा. याला वैद्यकीय कारण आहे: नवी कॅन्युला नीट बसली का, ते पुढच्या दोन-तीन तासांत शुगर तपासल्यावरच कळतं, आणि सगळे झोपल्यावर ते लक्षात येत नाही. दुसरं कारण मुलाचं. थकलेल्या, झोपेला आलेल्या मुलाची सोसायची ताकद संपलेली असते. सकाळी किंवा दुपारी, खाण्याच्या थोडं आधी, ही वेळ सोयीची. जागाही ठरलेली असावी, आणि ती मुलाचं अंथरूण नसावी. जिथे ते निर्धास्त झोपतं, ती जागा सुईसाठी वापरू नये.

बधिर करणारं मलम मिळतं. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचं मिश्रण असलेलं मलम त्वचेवर साधारण तासभर झाकून ठेवलं की टोचणं बरंच बोथट होतं. लहान मुलांत त्याचं प्रमाण वयावर आणि वजनावर ठरतं, म्हणून किती लावायचं ते डॉक्टरांना विचारूनच. नंतर ते पूर्ण पुसून, जागा साफ करून कोरडी होऊ द्यावी, नाहीतर तेलकटपणामुळे चिकटपट्टी टिकत नाही. ‘एवढ्याशासाठी मलम कशाला, सवय होईल’ असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. दुखण्याची सवय होत नाही, भीती मात्र दर खेपेला वाढत जाते. सुरुवातीचे महिने मलम वापरून घालवले आणि नंतर मुलानेच ‘आता नको, वेळ लागतो’ म्हटलं, तर तेव्हा सोडून द्यावं.

बसवायचं कसं? आडवं पाडून चौघांनी धरणं हा सगळ्यात वाईट प्रकार. मुलाला मांडीवर, छातीशी टेकून, उभ्या अंगाने बसवावं. एकाने मिठीत घ्यावं, दुसऱ्याने सेट लावावा. सेट नितंबावर लावायचा असेल तर मूल आईच्या खांद्यावर डोकं टाकून, तिच्या कुशीत, पोटाशी पोट लावून बसू शकतं. त्याला सुई दिसतही नाही. घरात एकच मोठं माणूस असेल तर मूल उभं राहून टेबलावर काहीतरी बघत असताना मागून सेट लावणं जमतं.

आता बोलायचं काय. आपल्या तोंडून सहज येतं, ‘काही नाही, काही नाही, झालंच, घाबरू नको.’ टोचताना मुलं कशी वागतात, यावरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा असं दिसलं आहे की अशा धीर देण्याने मुलं शांत होण्याऐवजी जास्त घाबरतात. आई एवढं समजावते आहे, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर होणार, असं त्यांना वाटतं. मुलाचं लक्ष दुसरीकडे गुंतवलं तर जास्त फरक पडतो. साबणाचे फुगे फुगवायला द्या; फुंकर मारताना श्वास लांबतो आणि अंग सैल पडतं. गोष्टीचा पुढचा भाग सांगा. मुलाला हवं असेल तर एक-दोन-तीन मोजा, आणि तीनवर म्हटलं तर तीनवरच टोचा, दोनवर उरकून टाकू नका. काही मुलांना बघायचं असतं. त्यांना जबरदस्तीने तोंड फिरवायला लावू नये. ‘अजिबात दुखणार नाही’ हे खोटं एकदाच खपतं. ‘थोडं टोचेल, तीन मोजेपर्यंत, मग संपेल’ हे मूल लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी त्यावर विसंबतं.

इथेच ती सुरुवातीची रेघ कामाला येते. ‘सेट लावायचा का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ येणार, आणि मग ते उत्तर मोडून काढावं लागणार. त्याऐवजी: ‘बाळा, सेट बदलायची वेळ झाली. उजवीकडे लावू की डावीकडे?’ ‘बटण तू दाबतोस की मी?’ ‘वर वाघाचं स्टिकर की चांदणी?’ दोनच पर्याय, दोन्ही आपल्याला चालणारे. पाच पर्याय दिले की मूल गोंधळतं. आणि त्याने डावीकडे म्हटलं तर डावीकडेच. ‘तिकडे मागच्या वेळी लावला होता, उजवीकडेच लावू’ असं म्हणायची पाळी येणार असेल, तर आधीच फक्त चालणाऱ्या दोन जागा सांगाव्यात.

काही मुलं प्रत्येक पर्यायावर ‘थांब, थांब’ म्हणत अर्धा तास ओढतात. हा हट्ट वाटला तरी भीतीच असते, आणि वाट बघण्याने ती वाढतच जाते. अशा वेळी एक छोटी मुदत ठरवावी: हे गाणं संपलं की. गाणं संपलं की शांतपणे, न रागावता उरकून टाकावं.

झाल्यावर ‘शहाणा, रडला नाहीस’ म्हणू नका. रडला असता तर तो शहाणा नव्हता का? ‘पाय हलवला नाहीस, त्यामुळे पटकन झालं’ असं नेमकं सांगा; त्यातून पुढच्या वेळी काय करायचं ते मुलाला कळतं.

जुना सेट काढण्याकडे मात्र बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं, आणि पुष्कळ मुलं रडतात ती नेमकी तेव्हा. नाजूक त्वचेवरून चिकटपट्टी फर्रकन ओढली की आग होते. चिकट काढायचं तेल किंवा पुसणी मिळते. ती कडेने लावून थोडं थांबावं, पट्टी त्वचेला समांतर ठेवून हळूहळू मागे दुमडत न्यावी आणि दुसऱ्या हाताने त्वचा धरून ठेवावी. आंघोळीत कोमट पाण्याने भिजल्यावर ती आणखी सहज निघते. हे काम मुलाला स्वतः करू द्या. कडेचा कोपरा सोडवायला त्याला पाच मिनिटं लागली तरी चालतील, तो वेळ वाया जात नाही.

जागा, झोप, कपडे

लहान मुलांत नितंबाचा वरचा बाहेरचा भाग चांगला, कारण तिथे चरबी पुरेशी असते आणि तो मुलाच्या नजरेआड असतो. लंगोट घालणाऱ्या बाळाला कमरेची पट्टी कुठे येते ते बघून जागा ठरवावी. पोट (बेंबीपासून दोन बोटं सोडून), मांडीचा बाहेरचा भाग, दंडाची मागची बाजू या बाकीच्या जागा. एकाच जागी पुन्हा पुन्हा लावल्याने तिथे चरबीची गाठ येते. गाठीत दुखत नाही, म्हणून मूल तीच जागा मागतं, पण तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा फिरवण्यासाठी कागदावर मुलाच्या आकाराचं चित्र काढून त्यावर टिकल्या लावत गेलात, तर पुढची जागा मूलच शोधून देतं.

पंप ओढायची सवय असलेल्या छोट्या मुलांसाठी पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये पाऊच येईल अशी बंडी उपयोगी पडते. तिथे हात पोचत नाही. नळी कपड्यांच्या आतून न्यावी, लोंबती ठेवू नये, झोपताना तर नाहीच. कॅन्युलाजवळ नळीचा एक छोटा वेढा करून वेगळ्या पट्टीने त्वचेला चिकटवला, तर हिसका त्या पट्टीवर बसतो, कॅन्युला निघत नाही. आणि पंपाचं बटण-लॉक पहिल्या दिवसापासून चालू ठेवावं.

काढून टाकतो, हात लावू देत नाही

पहिले काही दिवस कौतुकाचे जातात. मग एखाद्या दिवशी मूल सेट उपटून हातात आणून देतं. अशा वेळी रागवायच्या आधी त्वचा बघा. लहान मुलाला ‘इथे खाज येते’ हे सांगता येत नाही, ते काढून फेकतं. पट्टीखाली पुरळ आहे का? घामाने कडा सुटून कपड्यात अडकतात का? कॅन्युला आत स्नायूला टेकून चालताना टोचते का? हडकुळ्या, उड्या मारणाऱ्या मुलांत मऊ कॅन्युला वाकते, तेव्हा लांबी किंवा कोन बदलून, किंवा स्टीलचा सेट लावून पाहता येतं. काही मुलांना चिकटद्रव्यातल्या रसायनांची अॅलर्जी असते. आयसोबोर्निल अॅक्रिलेट हे त्यातलं माहीत असलेलं एक नाव. लाल चट्टा पट्टीच्या आकाराचा उमटत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. पट्टीखाली लावायचे संरक्षक फवारे असतात, वेगळ्या पट्ट्या असतात.

शरीरात काही सापडलं नाही, तर मग बघा मुलाच्या दिवसात त्याचा शब्द कुठे चालतो. दिवसभर ज्याला हे खा, आता खाऊ नको, बोट दे, इकडे ये असंच ऐकावं लागतं, ते मूल पंपावर सगळा राग काढतं, कारण तो त्याच्या हाताला येतो. कपडे कुठले, गोष्ट कुठली, कुठल्या वाटेने जायचं, हे त्याच्यावर सोडून बघा.

आणि सेट निघाला की आधी वैद्यकीय काम. नवा सेट लावायचा. शुगर कारणाशिवाय २५० मिलिग्रॅमच्या वर गेली असेल, तर कीटोन तपासायचे आणि वाढीव इन्सुलिन पंपातून न देता पेनने किंवा सिरिंजने द्यायचं, कारण पंपातून ते आत जात होतं की नाही हेच माहीत नसतं. किती द्यायचं ते डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं असावं. रक्तातले कीटोन ०.६ मिलिमोल प्रति लिटरच्या खाली असले तर ठीक, १.५ च्या पुढे गेले, मूल उलट्या करू लागलं किंवा जोरजोरात श्वास घेऊ लागलं, तर ताबडतोब दवाखान्यात. म्हणून पेन, सुया, कीटोनच्या पट्ट्या, एक जादा सेट, बॅटरी किंवा चार्जर आणि हायपोसाठी, म्हणजे शुगर फार खाली गेली तर, ग्लुकोज ही पिशवी मूल जाईल तिथे जायलाच हवी.

आकडे आणि अलार्म

अलार्म वाजला की घरातले सगळे धावतात, आणि मुलाला वाटतं आपण काहीतरी बिघडवलं. अलार्म म्हणजे पंपाची हाक, ‘मोठ्या माणसाला बोलवा’ एवढाच त्याचा अर्थ, हे शिकवून ठेवा. उगाच वाजणारे अलार्म डॉक्टरांशी बोलून कमी करता येतात. शुगर ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ म्हणू नका. ‘जास्त आहे’, ‘कमी आहे’ म्हणा. आकडा बघून कपाळाला आठी पडली, तर मूल आकडा वाचायच्या आधी आठी वाचतं.

बालवाडीत निदान दोन मोठ्या माणसांना पंप समजावून द्या. एकच व्यक्ती असली आणि ती रजेवर गेली की अडतं. एका पानावर लिहून द्यावं: बोलस कधी, हायपोची लक्षणं, अलार्म वाजला तर काय, कुणाला फोन. इतर मुलं विचारतीलच, ‘हे काय आहे?’ त्यासाठी एक वाक्य घरी ठरवून ठेवा. ‘हा माझा पंप, मला इन्सुलिन देतो’ एवढं म्हणून खेळायला पळता आलं की काम झालं. कुणाला दाखवायचा, कुणाला नाही, हेही मुलानेच ठरवावं. पाहुण्यांपुढे सदरा वर करून दाखवायला लावू नये.

पाच वर्षांचं मूल कापूस आणून देतं, सहा-सातव्या वर्षी तुमच्या नजरेखाली बोलसचा आकडा भरतं. ही मदत आनंदाने घ्या. पण ते चटचट बटणं दाबतं म्हणून जबाबदारी त्याच्यावर टाकू नका. मात्रा ठरवणं आणि पुन्हा तपासणं पुढची कितीतरी वर्षं मोठ्यांचंच काम आहे.

इतकं करूनही काही आठवड्यांनंतर भीती कमी होत नसेल, मूल सेटच्या दिवशी खाणं सोडत असेल, रात्री दचकून उठत असेल, तर बालमानसतज्ज्ञांची मदत घ्या. सुईच्या भीतीवर ते पद्धतशीर उपचार करतात. आणि पंप थोड्या काळासाठी थांबवता येतो, हेही लक्षात असू द्या. डॉक्टरांशी बोलून, दिवसभराच्या इन्सुलिनची मात्रा ठरवून घेऊन काही महिने इंजेक्शनांवर परत जाणारी कुटुंबं आहेत. पुढे एक दिवस मूल स्वतःच पंप मागतं. नाही मागितला, तरी इंजेक्शनांवरही मूल चांगलं वाढतं.